अधिक्रमित झालेल्या जीआरचं कापड माझ्या घरात आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवायचे दोन्ही जीआर, म्हणजे सरकारी निर्णय, २९ जून २०२५ ला रद्द झाले तेव्हापासून तुमच्या पेपरात रोज पत्रं येतायत, कोण म्हणतं मराठीचा विजय झाला, कोण म्हणतं मुलांचं नुकसान झालं, सगळी वाचली. पण ज्या शाळेत हे सगळे जीआर शेवटी येऊन पडतात तिथलं कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला घेतलं. मी काही शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट सतरा, गुरुजी एक आणि बाई एक. माझा धाकटा तिथंच तिसरीत आहे, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि घरी शिलाई मशीनवर ब्लाउज, परकर, पिशव्या असलं शिवते. हे शिलाईचं मुद्दाम सांगतेय, पुढं लागणार आहे.

आधी हिंदीचंच एक सांगते, कारण हा मुद्दा मला कुठं वाचायला मिळाला नाही. १६ एप्रिलच्या जीआरमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची होती, त्यावर ओरड झाली, मग १७ जूनला नवीन जीआर आला की हिंदी "सर्वसाधारणपणे" तिसरी भाषा राहील आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा पाहिजे असेल तर घ्या, फक्त वर्गात किमान २० मुलांनी तशी इच्छा दाखवली पाहिजे. आता आमच्या अख्ख्या शाळेत सतरा पोरं! पहिलीत चार. म्हणजे आम्ही सगळ्यांनी, शेजारच्या वाडीसकट, शाळेतल्या मांजरासकट इच्छा दाखवली तरी वीस होत नाहीत. मंत्रालयात बसून ज्यानं तो वीसचा आकडा टाईप केला त्याला राज्यात वीसच्या आतल्या शाळा किती आहेत हे माहीत नसणार का? माहीत असणारच, कारण २०२३ साली त्याच खात्यानं मोजून ठेवल्यात, पावणेपंधरा हजारांच्या आसपास. तेव्हा मोजल्या होत्या त्या बंद करून लांबच्या समूह शाळेत मुलं न्यायची म्हणून. तो विषय पुढं येतोच.

आता गणवेश. २०२४ च्या आधी कसं होतं, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांचे सहाशे रुपये एका मुलामागं समितीच्या खात्यावर यायचे, उशिरा यायचे पण यायचे, मग आम्ही पाटणच्या दुकानातून घेऊन यायचो, मापात नाही बसला तर दुकानदार बदलून द्यायचा. लै भारी कापड असायचं असं नाही पण पोराच्या अंगाला बसायचं. मग 'एक राज्य एक गणवेश' आलं. २०२४-२५ ला सगळ्या राज्यात पहिली ते आठवीला एकच रंग, आकाशी शर्ट आणि गडद निळी पॅन्ट, कापड वरून येणार, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटाच्या बायका करणार. ऐकायला छान वाटलं, खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की चला आपल्यालाही काम मिळेल.

शाळा १५ जूनला उघडली. आषाढी होऊन गेली तरी गणवेश नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला आमची तेव्हाची वीस पोरं वीस कपड्यांत उभी होती, एक जण मामाच्या लग्नातल्या शेरवानीत, आणि ही एकट्या आमच्याच शाळेची गोष्ट नव्हती, तेव्हाचे तुमचेच पेपर काढून बघा. शेवटी गठ्ठा आला तेव्हा गुरुजींनी मला बोलावून घेतलं, म्हणाले ताई तुम्ही शिवणाऱ्या, जरा बघा. बघितलं तर माप मुलाचं नाहीच, माप इयत्तेचं. चौथीच्या सगळ्यांना एक माप, पहिलीच्यांना एक. आता चौथीत आमच्याकडं एक पोरगा आहे तो माझ्या खांद्याला लागतो आणि एक पोरगी आहे ती दुसरीतली वाटते, त्या दोघांना एका मापात कोण बसवणार. पॅन्टची शिवण बसल्यावर उसवायची. यात शिवणाऱ्या बायांची चूक नव्हती हे मी ठामपणे सांगते, आधीच कापून आलेले तुकडे जोडायचे म्हटल्यावर कुणी सव्यसाची असलं तरी काय करणार, आत दाब सोडायलाच कापड ठेवलेलं नव्हतं. दाब नाही म्हणजे वाढवताही येत नाही, हे कुठल्याही आईला कळतं.

दुसरा गणवेश स्काऊटचा. त्याचं कापड थेट शाळेत येणार आणि शिलाई समितीनं करून घ्यायची, एका गणवेशाला शंभर रुपये शिलाई आणि दहा रुपये वरचा खर्च. शंभर रुपयांत शर्ट आणि पॅन्ट! शर्टाला दोन खिसे, वर खांद्याला पट्ट्या, काजं-बटणं वेगळीच. आमच्या बाजारच्या गावातल्या टेलरकडं गुरुजी गेले तर तो हसला पण नाही, नुसता बघत राहिला म्हणे. मग फिरून फिरून ते कापड माझ्या घरी आलं, कारण मी समितीवर, माझा पोरगा शाळेत आणि मला नाही म्हणता येईना. सतरा जोड मी रात्री जेवणं उरकल्यावर शिवले, दोरा माझा, बटणं माझी, लाईट माझी. पावसात आमच्याकडं वीज जाते ती दोन दोन दिवस येत नाही, मग मशीनला पाय मारायचा आणि पोरानं मोबाईलची बॅटरी धरून उभं राहायचं. त्यात कापड कमी आलं होतं, तीन जणांचं पुरलंच नाही, आणि पहिलीच्या बारक्यांचं उरलं, ते दुसऱ्याला लावावं तर कापडाच्या रंगात फरक, वेगळ्या ताग्यातलं असावं.

शेवटची बटणं लावली तेव्हा डिसेंबर उजाडला होता. आणि त्याच डिसेंबरात जीआर आला की पुढच्या वर्षापासून गणवेश परत पहिल्यासारखा, समितीनंच घ्यायचा.

मला राग निर्णय फिरवल्याचा आला नाही, ते नीट समजून घ्या. फिरवला ते बरंच केलं, तो फिरवायलाच पाहिजे होता. पण गुरुजींनी मोबाईलवर ती पीडीएफ दाखवली त्यात एक शब्द होता, "अधिक्रमित". आधीचे निर्णय अधिक्रमित करून आता असं असं करण्यात येत आहे. मी विचारलं म्हणजे काय, ते म्हणाले म्हणजे आधीचा होता तो आता नाही, त्याच्या जागी हा. एवढंच. सहा महिने ज्यानं राज्यभरातल्या पोरांना झेंडावंदनाला रंगीबेरंगी उभं केलं त्याला एक शब्द. चुकलं असं नाही, किती पैसे गेले ते नाही, ज्या बायकांनी मशीनी दुरुस्त करून घेतल्या, कुणी गटातून कर्ज काढून इंटरलॉकचं मशीन घेतलं असेल, त्यांनी आता काय करायचं ते नाही. आमच्या घरी साधा भात करपला तरी सासूबाईंना सांगावं लागतं का करपला ते.

बरं सरकार बदललं म्हणून निर्णय बदलले म्हणावं तर तसंही नाही. युती तीच, शिक्षण खातं ज्या पक्षाकडं होतं त्याच पक्षाकडं राहिलं, फक्त शिक्षणमंत्री केसरकर साहेबांच्या जागी भुसे साहेब आले.

पुस्तकांचं तेच. २०२३ ला ठरलं की पुस्तकातच कोरी पानं घालायची, म्हणजे वही नको आणि दप्तर हलकं. पुस्तकाचे चार भाग केले, धड्यामागं कोरं पान. आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं की एका पानात दुसरीच्या पोराचं अक्षर मावत नाही, चार ओळीत पान संपतं, वही लागणारच. दोन वर्षं पोरं पुस्तक पण नेत होती आणि वही पण. जानेवारी २०२५ ला ते बंद केलं, आणि कारण काय दिलं तर मुलं वह्या आणतच होती! बाईंना तेव्हा विचारलं असतं तर एका चहात काम झालं असतं.

शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका हाही एक निर्णय त्याच काळातला, तो आम्हाला लागलाच नाही, आमची शाळा साडेदहालाच भरते. शहरातल्यांचं काय झालं ते त्यांनी लिहावं.

आता शापोआ, म्हणजे शालेय पोषण आहार, आता त्याला पीएम पोषण म्हणतात पण आमच्यात शापोआच म्हणतात. नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. एका अंड्याला पाच रुपये. थंडीत आमच्या दुकानात अंडं सात रुपयाला होतं पण असू दे, वरचे दोन गुरुजी घालायचे. संपादक साहेब, अंड्याच्या दिवशी आमची पटावरची सगळीच्या सगळी पोरं हजर असायची हे मी डोळ्यानं बघितलंय. एरवी भातलावणीला, काढणीला, पाहुण्याकडं म्हणून दोन-तीन घरी राहतात, पण अंड्याच्या दिवशी ताप असलेलं पोरगंसुद्धा येऊन बसायचं. शापोआच्या काकू सकाळी अंडी मोजून पातेल्यात सोडायच्या आणि एखादं फुटलं तर त्याला बाजूला ठेवून म्हणायच्या हे माझ्या वाटणीचं. (त्यांच्या वाटणीचं नसतंच खरं तर, काकूंना मिळतात महिना अडीच हजार.)

मग जून २०२४ ला पंधरा पदार्थांचा तक्ता आला, तांदळाचा एक प्रकार, कडधान्याचा एक आणि गोड, खीर, नाचणी सत्त्व असं. काकूंनी तो तक्ता भिंतीला चिकटवला, त्यांना वाचता येत नाही म्हणून बाईंनी शेजारी चित्रं काढून दिली. नाचणी आमच्याकडची, त्यामुळं काकूंना हुरूप आलेला. आणि जानेवारी २०२५ ला परत नवीन जीआर, पदार्थ कमी केले, अंडा पुलाव आणि गोड ऐच्छिक, अंडी आणि साखर लागली तर ती लोकसहभागातून घ्या, सरकारकडून त्याला वेगळा पैसा नाही.

लोकसहभाग हा शब्द मला फार आवडतो. आमच्या वाडीत पस्तीस उंबरे, त्यातली अर्धी कर्ती माणसं मुंबईला, राहिलेत ते म्हातारे आणि आम्ही बाया. त्यांच्याकडं साखर मागायला मी आणि काकू वाटी घेऊन फिरलो एकदा, खरंच फिरलो, दीड किलो जमली. एका आजीनं दिली आणि म्हणाली, अगं पूर्वी कणगीतलं मागायला बैरागी यायचे. दुसऱ्यांदा जायला पाय उचलले नाहीत. आता अंडं बंद आहे. भिंतीवरचा तक्ता मात्र अजून आहे, चित्रांसकट, पोरं अंड्याच्या चित्राला हात लावून जातात.

आता मघाशी म्हटलं ते पटाचं. माझ्या दृष्टीनं हे सगळ्यात वाईट आहे आणि ते कुठल्या हिशेबात धरलं जात नाही. डिसेंबर २०१७ ला दहाच्या आतल्या तेराशे शाळा बंद करायची यादी आली होती तेव्हा आमच्या शेजारच्या वाडीची शाळा घाबरली. २०२३ ला समूह शाळेचं पत्र आलं, पुण्याकडच्या पानशेत आणि नंदुरबारच्या तोरणमाळसारखं सगळीकडं करा, छोट्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणा. आमच्याकडून ती मोठी शाळा म्हणजे मधे ओढा, ओढ्याला जुलैत पाणी कमरेएवढं. कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे, पण किलोमीटर नकाशावर मोजतात, ओढ्यात उतरून नाही. मग २०२४ ला ५ सप्टेंबरला, बरोबर शिक्षक दिनाला, निर्णय निघाला की वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी ठेवायचा, निवृत्त नाहीतर डीएड-बीएड झालेला बेकार, पंधरा हजार मानधनावर. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले, आमचे दोघंही गेले, त्या दिवशी मी आणि काकू पोरांना घेऊन बसलो आणि पाढे म्हणून घेतले. वीसचे दहाही केले आणि २०२५ ला तो निर्णय पण मागं घेतला.

म्हणजे कागदावर काय झालं तर काहीच झालं नाही. शाळा बंद झाली नाही, शिक्षक गेला नाही. पण वाडीत काय झालं ते ऐका. २०२३ ला पत्राची बातमी व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हा आमचा पट तेवीस होता. ज्यांना जमतं त्यांनी विचार केला की शाळा आज नाही उद्या बंद होणार, मग आत्ताच पोराला खाली बाजारच्या गावात इंग्लिश मीडियमला घातलेलं बरं, पिवळी गाडी वाडीच्या फाट्यापर्यंत येते. तिघं गेली. कंत्राटी शिक्षकाची बातमी आली तेव्हा अजून तिघं गेली, बाई जाणार, मग शिकवणार कोण म्हणून. तेवीसची सतरा आम्ही घाबरून केली, आणि तेवीस असती तर वीसच्या कुठल्याच यादीत आमचं नाव आलं नसतं! निर्णय मागं घेतला तेव्हा ती सहा पोरं काही मागं आली नाहीत, कशी येतील, फी भरलेली, बूट घेतलेले. उद्या कुणीतरी साहेब एक्सेल शीट बघून म्हणतील बघा पट कसा घसरतोय, लोकांनाच झेडपीची शाळा नको झालीय.

हे फक्त आम्हा खेड्यातल्यांचंच आहे असंही नाही. माझी नणंद पिंपरीला असते, नवरा कंपनीत कामगार, त्यांनी २०२४ ला पोरीसाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करायचं ठरवलेलं. फेब्रुवारीत सरकारनं नियमच बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ती मुलं घ्यायची गरज नाही. मे महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली, अर्ज परत भरले, १९ जुलैला कोर्टानं तो बदल रद्दच केला. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना झालेला. नणंदेनं कंटाळून, उसने घेऊन, दुसरीकडं फी भरून टाकली होती. तिचे ते पैसे कुणाला मागायचे? कोर्टात सरकार हरलं, भरली हिनं.

आमचे गुरुजी कधी कुणाला उलट बोलत नाहीत. पण परवा ते म्हणाले, ताई, मी वर्गात फळा पुसतो ना, तर आधी पोरांना विचारतो, झालं का लिहून? आणि परत मोबाईलमध्ये मान घातली, कारण केंद्रप्रमुखांचा मेसेज आला होता, अतितात्काळ, आज दुपारी दोनपर्यंत लिंक भरा. वर्ग दुसरी आणि तिसरी एकत्र होता आणि पोरं स्वतःच्या स्वतः कविता म्हणत होती.

माझं मागणं काही मोठं नाही. शिक्षण हक्क कायद्यानंच आमच्यासारख्या प्रत्येक सरकारी शाळेला ही व्यवस्थापन समिती दिलीय, त्यात निम्म्याहून जास्त आम्ही पालक आहोत, महिन्याला मीटिंग होते, इतिवृत्त लिहितो, सह्या अंगठे करतो. नवीन काही करायचं असेल तर जरूर करा, पण आधी एखाद्या तालुक्यात वर्षभर करून बघा, आमच्या तालुक्यात करा वाटल्यास, आणि वर्ष संपल्यावर आमच्यासारख्या समित्यांना येऊन विचारा. आणि फिरवायचाच असेल निर्णय तर "अधिक्रमित" च्या खाली दोन ओळी जास्त लिहा, किती खर्च झाला होता, ज्यांनी पदरचे घातले त्यांचे कधी मिळणार, आणि उरलेला माल कुठं जमा करायचा. पेनला तेवढी शाई महाग नसावी.

यंदा गणवेश परत समितीकडं आलाय. मी जूनमध्ये सतरा पोरांची मापं स्वतः घेतली, उंची, छाती, शोल्डर, कंबर, वहीत नावापुढं लिहून ठेवलीत, आणि प्रत्येक शिवणीत दीड इंच दाब सोडलाय म्हणजे दिवाळीनंतर उसवून मोठं करता येईल. पैसे अजून आलेले नाहीत, येतील तेव्हा येतील. मागच्या वर्षीचं स्काऊटचं उरलेलं कापड माझ्या ट्रंकेत आहे, पावणेचार मीटर, घडी घालून, वर डांबरगोळी. सरकारी माल आहे म्हणून मी त्याला कात्री लावलेली नाही. ते कुणाकडं जमा करायचं हे कुणाला माहीत असेल तर कृपया तुमच्या पेपरातून कळवावं.

आपली नम्र,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
ता. पाटण, जि. सातारा